एमजीबी स्पोर्ट्स कारची अठरा वर्षे (१९६२-१९८०) : रचनेतील बदल आणि त्यांची कारणे

प्रस्तावना

एखाद्या यंत्राचे उत्पादन दीर्घकाळ चालू राहिले, म्हणजे त्याची मूळ रचना उत्तम असली पाहिजे, असा सर्वसाधारण समज असतो. तो काही अंशी खरा आहे. तथापि दीर्घायुष्यामागे दुसरेही कारण संभवते. जुन्याच्या जागी नवे आणण्यासाठी लागणारे भांडवल अथवा इच्छाशक्ती उत्पादकापाशी नसेल, तरीही जुने यंत्र वर्षानुवर्षे तयार होत राहते. ब्रिटनमधील एमजीबी या स्पोर्ट्स कारच्या इतिहासात ही दोन्ही कारणे एकापाठोपाठ एक दिसून येतात.

ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन या छोट्या गावातील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. त्यांपैकी सुमारे ३,८७,००० खुल्या, तर सुमारे १,२५,००० बंद छताच्या होत्या. या अठरा वर्षांत गाडीचा बाह्य आकार जवळजवळ तोच राहिला. परंतु १९६५ मधील एमजीबी आणि १९७५ मधील एमजीबी यांच्या चालीत व शक्तीत मोठा फरक पडला. हा फरक कसा पडला आणि त्याला जबाबदार कोण, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मूळ रचना : मोनोकॉक बांधणी

एमजीबीच्या आधीची एमजीए ही गाडी १९५५ ते १९६२ या काळात सुमारे एक लाखाच्या संख्येने तयार झाली. तिची बांधणी जुन्या पद्धतीची होती. खाली पोलादी चासी, तिच्यावर इंजिन व चाके, आणि वर स्वतंत्रपणे बसवलेली बॉडी, असे तिचे स्वरूप होते. सिड एनेव्हर यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी एमजीबीसाठी ही पद्धत सोडून मोनोकॉक बांधणी स्वीकारली. मोनोकॉक बांधणीत वेगळी चासी नसते. दाबून आकार दिलेले पत्रे वेल्डिंगने एकमेकांना जोडून एक पोकळ कवच तयार केले जाते आणि तेच सर्व भार पेलते.

या बदलाचा लाभ तात्काळ दिसला. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ९४ इंचांवरून ९१ इंचांवर आले, तरीही आत बसण्यासाठी जागा अधिक मिळाली. इंजिन मात्र ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या नेहमीच्या ‘बी’ मालिकेतीलच घेतले गेले. त्याची क्षमता १,६२२ सीसीवरून १,७९८ सीसी करण्यात आली. याच मालिकेतील १,४८९ सीसीचे इंजिन भारतात हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बेसेडरला दीर्घकाळ बसवले जात होते. म्हणजे एमजीबीचे हृदय कुटुंबाच्या साध्या मोटारीचेच होते. दुहेरी कार्बुरेटर, हलकी बांधणी आणि चपळ स्टिअरिंग यांच्या योगाने त्यातून ताशी १६० किलोमीटरहून थोडा अधिक वेग साधला गेला. किंमत मध्यमवर्गीय तरुणाच्या आवाक्यात राहिली, हे तिचे खरे यश होय.

मोनोकॉक बांधणीची दुसरी बाजूही ध्यानात घेणे आवश्यक आहे. पत्रे दाबण्याचे साचे अत्यंत महाग असतात. त्यांचा खर्च भरून येण्यासाठी एकच आकार मोठ्या संख्येने व अनेक वर्षे काढावा लागतो. चासी वेगळी असती, तर तिच्यावर नवी बॉडी चढवणे तुलनेने सोपे ठरले असते. एमजीबीच्या बाबतीत तो मार्ग उरला नाही. आकार बदलायचा तर साचे बदलणे भाग होते, आणि साचे बदलायचे तर मोठे भांडवल हवे होते. पुढील काळातील प्रत्येक घडामोडीच्या मुळाशी ही मर्यादा आहे.

पहिला टप्पा : दोषनिवारण व सुधारणा (१९६२-१९६७)

पहिल्या पाच वर्षांतील बदल वापरातून आलेल्या अनुभवावर आधारलेले होते. आरंभीच्या इंजिनातील क्रँकशाफ्ट तीन बेअरिंगांवर फिरत असे. १९६४ च्या अखेरीस पाच बेअरिंगांचे इंजिन आले. क्रँकशाफ्टला अधिक ठिकाणी आधार मिळाल्याने ते अधिक टिकाऊ झाले व त्याची थरथर कमी झाली.

१९६५ मध्ये बंद छताचे ‘जीटी’ मॉडेल सादर झाले. त्याच्या छताची रेषा ठरवण्यात इटलीतील पिनिनफारिना या संस्थेचा वाटा होता. मागचे दार वर उघडणारे असल्याने सामान ठेवण्याची सोय झाली आणि पावसाळी हवेतही वापरता येईल अशी स्पोर्ट्स कार मिळाली. मूळ साच्यांपैकी बहुतांश तेच ठेवून नवा ग्राहकवर्ग जोडण्याचे हे उत्तम उदाहरण होय. १९६७ मध्ये गिअरबॉक्सच्या पुढे जाण्याच्या चारही गिअरना सिंक्रोमेश मिळाला; तत्पूर्वी पहिल्या गिअरला ती सोय नव्हती. डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला. हे सर्व बदल गाडीची क्षमता वाढवणारे होते व ते अभियंत्यांच्या पुढाकाराने झाले.

मोठ्या इंजिनाचे दोन प्रयोग

याच कवचात अधिक शक्तिमान इंजिन बसवण्याचे दोन प्रयत्न झाले. पहिला १९६७ ते १९६९ मधील एमजीसी. तिच्यात २,९१२ सीसीचे सहा सिलिंडरांचे लोखंडी इंजिन होते. ते इतके लांब व जड होते, की पुढच्या चाकांच्या सस्पेंशनची रचनाच बदलावी लागली. पुढचा भाग जड झाल्याने वळणावरची चपळाई हरवली, अशी टीका झाली. सुमारे ९,००० गाड्यांनंतर हे मॉडेल बंद पडले.

दुसरा प्रयत्न १९७३ मधील एमजीबी जीटी व्ही८ हा होय. रोव्हरचे ३,५२८ सीसीचे हे इंजिन मुळात अमेरिकेतील जनरल मोटर्सने विकसित केलेले होते आणि ॲल्युमिनियमचे असल्याने आठ सिलिंडर असूनही फारसे जड नव्हते. तांत्रिकदृष्ट्या हा संयोग यशस्वी ठरला. कारखान्याच्या आधी केन कॉस्टेलो यांनी खासगीरीत्या अशा गाड्या तयार करून ते दाखवूनही दिले होते. तथापि, गाडी अधिकृतपणे अमेरिकेत विकली गेली नाही आणि १९७३ च्या अखेरच्या तेलसंकटामुळे मोठ्या इंजिनांची मागणी घटली. १९७६ पर्यंत २,५९१ गाड्या तयार होऊन हा अध्याय संपला.

दुसरा टप्पा : अमेरिकेतील कायदे व त्यांना दिलेले उत्तर

एमजीबीची सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिका होती. तेथे १९६६ मध्ये वाहन सुरक्षा कायदा संमत झाला व त्याखालील मानके १९६८ च्या आरंभापासून लागू झाली. त्यानुसार अमेरिकेसाठीच्या गाड्यांना दुहेरी मंडलाचे ब्रेक व आघातात दबणारा स्टिअरिंग स्तंभ मिळाला. काचेचा ठरावीक भाग पुसला जावा म्हणून खुल्या मॉडेलला दोनऐवजी तीन वायपर बसवावे लागले. डॅशबोर्डवर जाड गादी आली व तिच्यापायी सामानाचा कप्पा काही वर्षांसाठी नाहीसा झाला. यांपैकी ब्रेक व स्टिअरिंग यांतील बदल निःसंशय हितकारक होते.

धुरासंबंधीचे नियम अधिक कठीण ठरले. न जळलेले इंधन एक्झॉस्टमध्येच जळून जावे, म्हणून हवेचा पंप बसवला गेला. पुढे इंजिनातील दाबाचे प्रमाण कमी केले गेले. १९७५ च्या अमेरिकी मॉडेलमध्ये दोन एसयू कार्बुरेटरांच्या जागी एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्बुरेटर आला; पाठोपाठ कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही आला. आरंभी ९५ अश्वशक्तीचे म्हणून सांगितले जाणारे इंजिन अमेरिकेत सुमारे ६२ अश्वशक्तीवर उतरले. मोजण्याच्या पद्धतीतील बदलामुळे या दोन आकड्यांची तुलना काटेकोर नाही. परंतु घसरण मोठी होती यात शंका नाही.

सर्वाधिक गाजलेला बदल बंपरचा. ताशी ५ मैल, म्हणजे सुमारे ८ किलोमीटर वेगाने धडक बसली तरी दिव्यांसारख्या सुरक्षेशी निगडित भागांना इजा होऊ नये, असा अमेरिकी नियम होता. धडकेची उंचीही त्यात ठरवून दिलेली होती. एमजीबीची पुढची ठेवण याहून खालची होती. यावर १९७४ च्या उत्तरार्धात दोन उपाय योजले गेले. क्रोमच्या नाजूक बंपरऐवजी काळे, जाड बंपर आले. त्यांना ‘रबर बंपर’ म्हटले जाते, प्रत्यक्षात ते पोलादी गाभ्यावरील पॉलियुरेथेनचे होते. शिवाय सबंध गाडी एक ते दीड इंच उचलली गेली.

एक-दीड इंचाचा हा फरक क्षुल्लक वाटेल. पण त्याचे परिणाम गंभीर होते. गाडी उंच झाली म्हणजे तिचा गुरुत्वमध्य वर जातो. वळणावर बाहेरच्या चाकांवर जाणारा भार वाढतो आणि गाडी अधिक कलते. हे कलणे रोखण्याचे काम अँटी-रोल बार करतो. परंतु नेमक्या याच वेळी खुल्या मॉडेलवरील पुढचा अँटी-रोल बार नेहमीच्या साहित्यातून वगळला गेला. परिणामी गाडीची चाल बिघडली. १९७७ च्या मॉडेलसाठी पुढे व मागे दोन्हीकडे अँटी-रोल बार देऊन हा दोष बऱ्याच अंशी दूर करण्यात आला. म्हणजेच उपाय अभियंत्यांना माहीत होता. तो योजण्यास दोन वर्षे लागली.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. ब्रिटनमध्ये असा बंपरचा नियम नव्हता. तरीही एकाच रांगेतून दोन प्रकारच्या गाड्या काढणे परवडत नसल्याने ब्रिटिश ग्राहकांनाही काळे बंपर व वाढीव उंची स्वीकारावी लागली.

नव्या गाडीचा अभाव

वरील विवेचनावरून सारा दोष कायद्यावर टाकण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तथापि, तेच कायदे जपानी उत्पादकांनाही लागू होते. डॅटसनने १९६९ मध्ये २४०झेड ही नवी गाडी सादर केली. पुढे तिच्यातही बदल झाले, वजन वाढले. पण १९७८ मध्ये तिच्या जागी संपूर्ण नवी २८०झेडएक्स आली.

ॲबिंग्डनमध्ये नव्या गाडीची कल्पना नव्हती असे नाही. १९६० च्या दशकात ईएक्स२३४ आणि दशकाच्या अखेरीस मध्यभागी इंजिन असलेली एडीओ२१ अशा दोन प्रकल्पांवर काम झाले. दोन्ही सोडून देण्यात आले. १९६८ मध्ये झालेल्या विलीनीकरणातून ब्रिटिश लेलँड अस्तित्वात आली आणि एमजीची जुनी प्रतिस्पर्धी ट्रायम्फ एकाच छत्राखाली आली. स्पोर्ट्स कारसाठीचे भांडवल ट्रायम्फ टीआर७ कडे वळले. खुल्या गाड्यांवर अमेरिकेत बंदी येईल या भीतीने टीआर७ आरंभी बंद छताचीच काढली गेली. प्रत्यक्षात तशी बंदी आली नाही. गुणवत्तेच्या तक्रारी व संप यांनी टीआर७ ग्रासली गेली, आणि जुनी एमजीबी मात्र विकली जात राहिली. साच्यांचा खर्च केव्हाच वसूल झाला होता. म्हणून नवे काही न करता ती चालू ठेवणे व्यवस्थापनाला सोयीचे होते.

अखेरचा आघात चलनाच्या दराचा होता. १९७६ मध्ये पौंड १.६० डॉलरच्या आसपास घसरला होता. १९८० मध्ये तो २.४० डॉलरच्या जवळ पोहोचला. डॉलरमध्ये विकल्या जाणाऱ्या गाडीचे पौंडातील उत्पन्न त्यामुळे आक्रसले. सप्टेंबर १९७९ मध्ये, ॲबिंग्डनमधील एमजीच्या पन्नास वर्षांचा सोहळा नुकताच पार पडला असताना, उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर झाला. ॲस्टन मार्टिनच्या पुढाकाराने कारखाना व नाव विकत घेण्याचा प्रयत्न झाला. तो निष्फळ ठरला. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली व कारखान्याला टाळे लागले. ज्या गावाची ओळखच मोटारींशी जोडलेली होती, तेथील शेकडो कुटुंबांचा रोजगार त्याबरोबर गेला.

उत्तरकाळ

साचे मात्र नष्ट झाले नव्हते. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साच्यांवरून नवी कवचे तयार करण्यास सुरुवात केली व गंजलेल्या जुन्या गाड्यांचे पुनरुज्जीवन शक्य झाले. त्याच आधारावर १९९० च्या दशकात आरव्ही८ ही सुमारे २,००० गाड्यांची मर्यादित आवृत्ती निघाली. तिच्यापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक गाड्या जपानला गेल्या. एमजी हे नाव पुढे चीनमधील एसएआयसी या कंपनीकडे गेले. २०१९ पासून गुजरातमधील हलोल येथे त्या नावाच्या मोटारी तयार होऊ लागल्या. त्यांचा ॲबिंग्डनच्या परंपरेशी संबंध केवळ नावापुरता आहे.

समारोप

एमजीबीच्या इतिहासातील बदलांचे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे करता येतात. पहिल्या टप्प्यात यंत्रातील उणीव ओळखून ती दूर केली गेली. दुसऱ्या टप्प्यात बाहेरून आलेली अट कमीत कमी खर्चात कशीबशी पूर्ण केली गेली. दोन्ही टप्प्यांतील अभियंते, कारखाना व मूळ साचे बव्हंशी तेच होते. बदलले होते ते भांडवल कोठे गुंतवावे याविषयीचे निर्णय.

या संदर्भात जपानच्या माझदा एमएक्स-५ चे उदाहरण उद्बोधक आहे. स्वस्त, हलकी, खुली दोन आसनी गाडी ही एमजीबीचीच कल्पना १९८९ मध्ये तिने पुन्हा आणली. सुरक्षा व प्रदूषण यांविषयीचे नियम तोवर कितीतरी कडक झाले होते. तरीही २०१५ पर्यंत तिच्या चार पिढ्या निघाल्या, प्रत्येक वेळी कवच नव्याने रचले गेले आणि २०१६ मध्ये तिचे उत्पादन दहा लाखांवर पोहोचले. यावरून कायद्यांमुळे अशा गाडीचा अंत अटळ होता, हे म्हणणे टिकत नाही. एमजीबीला नियमांनी अडचणीत आणले हे खरे. परंतु तिचा अंत झाला तो तिची उत्तराधिकारी वेळेवर तयार न केल्यामुळे.