सरबताच्या स्टॉलवर बीजगणित कसं शिकता येतं?

बिझनेस सिम्युलेशन म्हणजे संगणकावरचा लुटुपुटीचा धंदा. पैसे खोटे, पण हिशेब खरा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९७३ साली तयार झालेला 'लेमोनेड स्टँड' हा त्यातला एक जुना खेळ. पुढे अ‍ॅपल-२ संगणकाबरोबर तो अनेक शाळांत पोहोचला.

हाताशी २ डॉलर असतात. रोज हवामानाचा अंदाज पाहून तीन गोष्टी ठरवायच्या: सरबताचे ग्लास किती, जाहिरातीच्या पाट्या किती आणि ग्लासची किंमत किती.

सुरुवातीला एका ग्लासचा खर्च २ सेंट आणि एका पाटीचा १५ सेंट. समजा, ३० ग्लास आणि ३ पाट्या केल्या. खर्च झाला १०५ सेंट. ग्लास १० सेंटला विकायचा, तर ११ ग्लास खपल्याशिवाय खर्च भरून निघत नाही. २० खपले तर ९५ सेंट नफा. वादळ आलं तर सगळं सरबत वाया!

तिसऱ्या दिवशी आई फुकट साखर देणं बंद करते. एका ग्लासचा खर्च ४ सेंट होतो आणि ११ ऐवजी १७ ग्लास विकावे लागतात. आकडे बदलले, समीकरण तेच राहिलं. हायस्कूलच्या बीजगणितात 'चल' म्हणतात ते हेच.

पण मुलं नुसते आकडे ठोकत बसली, तर तो फक्त खेळच उरतो. म्हणून शिक्षकाने दोन गोष्टी करून घ्यायला हव्यात. निर्णयाआधी त्यामागचं कारण लिहायचं आणि दिवस संपल्यावर अंदाज कुठे चुकला ते शोधायचं. गणिताबरोबर मुद्देसूद लिहिण्याचाही सराव होतो.