कॅनडाचा कॅप राउंड

मित्रांनो, कॅप राउंडची ती रात्र आठवते का? आपले मार्क ठरलेले, त्यात आता काहीच बदल होणार नाही. पण कट-ऑफ कितीवर थांबणार हे देवालाच ठाऊक. मागच्या दिवाळीपासून आमच्या घरात पुन्हा तेच वातावरण आहे. फरक एवढाच की या वेळी प्रवेश कॉलेजात नाही, देशात घ्यायचाय. देश कॅनडा आणि उमेदवार आमचा दादा.

दादा मेकॅनिकलचा बी.ई. पाच वर्षं चाकणच्या एका कारखान्यात आहे. अजून लग्न झालेलं नाही (हसू नका, या फॉर्ममध्ये त्याचाही हिशेब वेगळा असतो!). घरात कॉम्प्युटरवाला मी, त्यामुळे फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून मेसमध्ये रोज कुणीतरी विचारतं, "काय रे, दादा कधी चाललाय?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिली गोष्ट म्हणजे हा नोकरीचा व्हिसा नव्हे. अमेरिकेचा एच-वन-बी कंपनी काढून देते आणि नोकरी गेली की पायाखालची जमीनही सरकते. कॅनडाच्या या पद्धतीत हातात नोकरी असावीच लागते असं नाही. ते माणसाला मार्क देतात आणि मार्कांवर थेट कायमच्या वास्तव्याचा परवाना, म्हणजे पीआर, देतात. पण हे नेहमीच असं नव्हतं. १९१४ साली कोमागाता मारू जहाजातून ३७६ प्रवासी व्हँकुव्हरच्या बंदरात पोचले. त्यांना दोन महिने जहाजावरच अडकवून ठेवलं आणि बहुतेकांना परत पाठवलं. माणूस कुठून आला हे तेव्हा पाहत. तो काय शिकला, त्याला काय येतं, हे पाहून गुण द्यायची पद्धत १९६७ मध्ये आली. आजची 'एक्स्प्रेस एन्ट्री' ही तिचीच ऑनलाइन नात, जानेवारी २०१५ पासून सुरू झालेली. (क्वेबेक प्रांताची पद्धत निराळी आहे, ती इथे सोडून देतो.)

आता पद्धत बघू. यात दोन चाळण्या आहेत. पहिली पात्रतेची: परदेशात अनुभव घेतलेल्या आपल्यासारख्यांना १०० पैकी ६७ गुण लागतात. दादाचे ७० भरले. घरात पेढे वाटायचेच बाकी होते! पण ही म्हणजे नुसती 'एलिजिबल' यादी. खरी मेरिट लिस्ट पुढे आहे. तिथे प्रत्येकाला १२०० पैकी गुण मिळतात आणि सगळे एका पूलमध्ये बसतात. मग सरकार अधूनमधून फेरी काढतं. फेरीच्या कट-ऑफच्या वर जे असतील त्यांनाच अर्जाचं आमंत्रण. आमंत्रण आल्यावर साठ दिवसांत सगळी कागदपत्रं भरायची. एकदा पूलमध्ये शिरलं की प्रोफाइल वर्षभर चालतं.

गुण मिळतात ते असे. २०२५ मधले, अविवाहित उमेदवाराचे आकडे देतोय. वय २० ते २९ असेल तर ११०. तीस पूर्ण झाली की १०५, एकतीस झाली की ९९, पस्तीस झाली की ७७ आणि चाळीस झाली की ५०. म्हणजे वाढदिवसाला केक कापायचा आणि मार्कही कापून घ्यायचे! आपल्या बी.ई.ला १२०, मास्टर्सला १३५. इंग्रजीच्या चार भागांना मिळून १३६ पर्यंत. शिवाय 'जोडगुण' असतात: शिक्षण आणि इंग्रजी दोन्ही चांगलं असेल तर वेगळे, परदेशातला अनुभव आणि इंग्रजी दोन्ही चांगलं असेल तर आणखी वेगळे.

दादाचा घोटाळा या जोडगुणांत झाला, तेव्हा इथे जरा थांबतो.

आयईएलटीएसच्या पहिल्या प्रयत्नात त्याला ऐकण्यात ८, वाचनात साडेसात, बोलण्यात ७ आणि लेखनात साडेसहा बँड मिळाले. आम्ही खूश. साडेसहा काही वाईट नाहीत! पण कॅनडा हे बँड स्वतःच्या पातळ्यांत बदलून घेतं. नववी पातळी गाठायला ऐकण्यात ८ आणि बाकी तिन्हीत ७ लागतात. दादाचे तीन विषय नवव्या पातळीवर, लेखन आठव्या. नववी पातळी म्हणजे ३१ गुण, आठवी म्हणजे २३. मला वाटलं आठच गुण गेले. पण जोडगुण पूर्ण मिळायला चारही भाग नवव्या पातळीवर लागतात. एक जरी खाली राहिला, तर शिक्षणाच्या जोडीचे २५ ऐवजी १३ आणि अनुभवाच्या जोडीचे ५० ऐवजी २५ मिळतात. म्हणजे आणखी ३७ गेले. बेरीज करून बघा: वय ११०, शिक्षण १२०, इंग्रजी ११६, जोडगुण ३८, एकूण ३८४. लेखनात फक्त अर्धा बँड जास्त असता तर ४२९! अर्ध्या बँडची किंमत ४५ गुण. आपल्याकडे एका विषयात केटी लागली म्हणून बाकीच्या विषयांचे मार्क कुणी कापत नाही. इथे कापतात.

परीक्षेची फी पंधरा हजारांच्या वर. दादाने पुन्हा भरली. पहिल्या शिफ्टहून आला की रोज एक निबंध लिहायचा आणि फोटो काढून मला पाठवायचा. मी रूमवर बसून त्यातली 'द' आणि 'अ' शोधत बसायचो. दुसऱ्या वेळी लेखनात ७ आले. त्या रात्री त्याने फोन केला आणि नुसतं म्हणाला, "झालं रे." पुढे दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

पण खरंच झालं होतं का? २०२४ मध्ये ज्या सर्वसाधारण फेऱ्या निघाल्या, त्यांत कट-ऑफ एकदाही ५२० च्या खाली आला नाही. दादा ४२९ वर. कॅनडात शिकलेल्यांना, तिथे काम केलेल्यांना जादा गुण असतात. एखाद्या प्रांताने निवडलं तर एकदम ६०० मिळतात. घरबसल्या नुसत्या बी.ई.वर एवढं गाठणं जवळपास अशक्य, हे तेव्हा कळलं. ते आधीच कळायला हवं होतं, ही चूक माझी.

अशा वेळी माणूस एजंटकडे जातो. आम्हीही गेलो. काचेचं ऑफिस, भिंतीवर मेपलचं पान. तो म्हणाला, "जॉब ऑफर आणून देतो, पन्नास मार्क वाढतील." मी तोपर्यंत नियम वाचून पाठ केले होते. जॉब ऑफरचे गुण २५ मार्च २०२५ पासून रद्द झालेत! तसं म्हटल्यावर साहेबांनी विषय पैशांकडे वळवला. नोकरी नसताना जाणाऱ्याला स्वतःपुरती शिल्लक दाखवावी लागते. एकट्या माणसाला २०२५ मध्ये पंधरा हजार कॅनेडियन डॉलरच्या वर, म्हणजे आपले नऊ लाखांहून जास्त. उसने पैसे चालत नाहीत, जमिनीची किंमत धरत नाहीत आणि बँक सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लिहून देते. एजंटचं म्हणणं, "शेत विका नाहीतर चार दिवस पैसे फिरवून दाखवू." आबा शेजारी बसले होते. त्यांनी काही न बोलता टोपी घातली आणि उठले. बरं झालं उठले. खोटी माहिती पकडली गेली तर पाच वर्षं अर्जच करता येत नाही. आणि लक्षात ठेवा, पैसे घेऊन हे काम करणारा माणूस एकतर तिथला वकील हवा (क्वेबेकचा नोटरीही चालतो) नाहीतर तिथल्या सल्लागारांच्या अधिकृत कॉलेजचा परवानाधारक. नाव तपासायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

आता आपल्या सगळ्यांच्या कामाची गोष्ट. पीआर मिळालं म्हणजे तिथे तुम्ही इंजिनिअर झालात असं नाही! पीआरसाठी डिग्रीचं मूल्यांकन करून घेतात, ते फक्त सांगतं की तुमची डिग्री तिथल्या कुठल्या डिग्रीबरोबरीची आहे. 'प्रोफेशनल इंजिनिअर' म्हणवून घ्यायला त्या त्या प्रांताच्या संस्थेचं लायसन्स लागतं. त्यासाठी शिक्षणाची तपासणी, कायदा आणि नीतीवरची परीक्षा आणि सर्वसाधारणपणे चार वर्षांचा अनुभव. त्यातलं एक वर्ष कॅनडातलंच हवं ही ओंटारिओची अट २०२३ मध्ये गेली. लायसन्स नसलं तरी लायसन्सधारकाच्या हाताखाली काम करता येतं, पण ड्रॉइंगवर शेवटची सही त्याची. म्हणजे पहिल्या दिवसापासून खुर्ची मिळेल ही समजूत इथेच ठेवून जायची.

मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलवाल्यांनो, तुमच्यासाठी एक बातमी आहे. २०२३ पासून ठरावीक कामांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात. २०२५ मध्ये त्यांतली तंत्रज्ञानाची यादी बदलली तेव्हा तुम्ही तिघे यादीत होतात आणि सॉफ्टवेअर डेव्हलपर गळले! अर्थात यादीत नाव असलं म्हणून फेरी निघतेच असं नाही, तेव्हा लगेच कॉम्प्युटरवाल्यांना चिडवायला जाऊ नका.

मग दादाचं काय? फ्रेंच येणाऱ्यांसाठीही वेगळ्या फेऱ्या असतात आणि तिथला कट-ऑफ बराच खाली असतो. २९ फेब्रुवारी २०२४ ला तो ३३६ होता. पुढच्या वर्षी काही फेऱ्या ४०० च्या वर गेल्या, पण ५२० च्या मानाने ते आवाक्यातलं आहे. फ्रेंचच्या चारही भागांत सातवी पातळी गाठली तर ६२ गुण वाढतात. दरम्यान दादाला तीस पूर्ण झाली, पाच गुण गेले, ४२४ राहिले. आता तो शनिवार-रविवार फ्रेंचच्या क्लासला जातो. चाकणचा सुपरवायझर आणि "बाँजूर"! आई म्हणते, "एवढा अभ्यास दहावीला केला असतास तर!" सातवी पातळी यायला दीड-दोन वर्षं लागतील. तोवर नियम तेच राहतील याची खात्री कुणीच देत नाही. दादालाही हे माहीत आहे. तरी जातो.

तेव्हा मित्रांनो, ज्यांच्या मनात आहे त्यांनी चार गोष्टी आत्ताच करून ठेवा. कॉलेज सोडण्याआधी ट्रान्स्क्रिप्टची पद्धत समजून घ्या; नंतर रजा टाकून युनिव्हर्सिटीच्या खिडकीशी उभं राहावं लागतं, दादा तीनदा राहिला. प्रत्येक नोकरी सोडताना काम, पगार आणि आठवड्याचे तास लिहिलेलं पत्र घ्या. नुसत्या 'रिलीव्हिंग लेटर'वर भागत नाही. आपल्या ब्रँचला एनबीएचं टियर-वन मानांकन आहे का ते ऑफिसात विचारा. २०१४ पासून भारत वॉशिंग्टन करारात आहे आणि लायसन्सच्या वेळी त्या मानांकनाचा उपयोग होऊ शकतो. आणि जर्नल कॉपी करण्याऐवजी एखादं पान स्वतःच्या इंग्रजीत लिहा. अर्ध्या बँडची किंमत वर सांगितलीच आहे.

जायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ठरवण्याआधी स्वतःची बेरीज स्वतः करा, एजंटच्या कॅल्क्युलेटरवर नको. कागद-पेन घेऊन माझ्या रूमवर या, दहा मिनिटांचं काम आहे. चहा मात्र तुमच्याकडून!