पांढरी दोरी

जुन्या ट्रकचा आजार डोळ्यांआधी कानाला कळतो. घाटात दुसऱ्या गिअरवर चढणाऱ्या भरल्या गाडीच्या घरघरीत ‘फट्-फट्’ असा कोरडा आवाज मिसळू लागला, की टपरीवर चहा पीत बसलेला कुठलाही क्लीनर मान वर न करता सांगेल, ‘मॅनिफोल्ड फुटलाय, न्हाईतर पॅकिंग गेलंय.’ आपल्यासारख्या पांढरपेशांना तो नुसता गोंगाट वाटतो. सायलेन्सर म्हणजे मागून धूर सोडणारी नळी, एवढीच आपली समजूत. प्रत्यक्षात हा मार्ग इंजिनाच्या हेडपाशी सुरू होतो. सहा सिलिंडरांतला जळका वायू गोळा करणारा बिडाचा मॅनिफोल्ड, पुढे पाइप, मग मफलर आणि शेवटी शेपटी. गाडीने घेतलेला प्रत्येक श्वास याच वाटेने बाहेर पडतो, आणि तो भयंकर तापलेला असतो.

माझ्या बँकेतल्या नोकरीची बरीच वर्षे कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या शाखांत गेली. ‘लहान रस्ते वाहतूकदार’ हा अग्रक्रम क्षेत्रातला एक कर्जप्रकार. एक ट्रक, एक मालक, बहुधा तोच ड्रायव्हर. आमच्या कागदांवर ट्रकचे आयुष्य घसाऱ्याच्या टक्क्याने ठरत असे. हप्ते फिटले, आरसी बुकावरचा बँकेचा बोजा उतरला, की आमच्या लेखी ट्रक संपला. रस्त्याच्या लेखी मात्र त्याचे दुसरे आयुष्य तेव्हा कुठे सुरू होते. पहिल्या मालकाने गुजरातला गूळ नेलेला असतो. दुसरा मालक आंबा घाटातून कोकणात सिमेंट उतरवतो. तिसऱ्याच्या हाती आला, की तो हंगामात उसाला लागतो. कारखान्याच्या अड्ड्यावर रात्र-रात्र रांगेत उभे राहायचे, पुन्हा शेताच्या बांधावरून वीतभर चिखलात उतरायचे. या तिसऱ्या आयुष्याला कोणतीही बँक कर्ज देत नाही. त्याला पैसा पुरवतो तो उद्यमनगरातला मिस्त्री, आणि तोही बहुतेक वेळा उधारीवर.

हे ट्रक टिकाऊ खरे. टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार केला तो १९५४ साली. तो १९६९मध्ये संपला, नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला आणि तिथे ‘टी’ आला. पण इंजिनाचे वळण पुढे कितीतरी वर्षे तेच राहिले. मिस्त्री लोक ज्याला नुसते ‘सहा-सत्त्याण्णव’ म्हणतात, ते सहा सिलिंडरांचे इंजिन त्याच घराण्यातले. त्याचे काय बिघडते आणि कसे दुरुस्त होते, हे इकडच्या दोन पिढ्यांना तोंडपाठ आहे.

आता मॅनिफोल्ड फुटतो का, ते पाहू. चढावर भरल्या गाडीचा जळका वायू पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, टर्बो असेल तर त्याहूनही वर. पाऊण मीटर लांबीचा बिडाचा तुकडा पाचशे अंशांनी तापला, की तो जवळजवळ चार मिलिमीटर लांबतो. तो ज्या हेडला आवळलेला असतो, ते मात्र आतून पाण्याने गार ठेवलेले. ते अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवर थांबते. म्हणजे दोन भाऊ एकाच दाव्याला बांधलेले आणि एकाला धावायचे आहे. म्हणून तर मॅनिफोल्डची भोके स्टडपेक्षा थोडी मोठी ठेवतात, मोठ्या इंजिनांत तो दोन-तीन तुकड्यांत करतात. एखाद्या नवशिक्याने पाना लांब करून नट मरेस्तोवर आवळले, की ही मोकळीक संपते. मग टोकाचे स्टड आधी तुटतात, फट पडते, फटीतून काजळीचा काळा ओघळ दिसू लागतो आणि शेवटी बिडालाच तडा जातो. घाट चढून आल्या आल्या गाडी थांबवून इंजिनावर बादलीने पाणी ओतणारे महाभागही मी पाहिले आहेत. त्यांच्याविषयी काय बोलावे!

ही फट केवळ आवाजापुरती नसते. टर्बोच्या गाडीत वायूचा जोर टर्बोपर्यंत पोचत नाही, हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळते, काळा धूर निघतो. पीयूसी तपासणीत जुन्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एककांची. फुटक्या मॅनिफोल्डने ती सहज ओलांडता येते. शिवाय वायू केबिनमध्ये शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखते, डोळ्यांवर झापड येते, आणि ड्रायव्हर त्याचे खापर जागरणावर फोडतो.

बीड सांधणे हे लोखंड सांधण्यासारखे नाही. बिडात शंभराला तीन भागांहून अधिक कार्बन. दाबाला कणखर, ओढीला ठिसूळ. घाईघाईने वेल्डिंग मारले, तर सांधा टिकतो आणि शेजारी नवा तडा जातो. माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, सत्तरीला टेकलेले. ते आधी तडा जिथे संपतो तिथे बारीक भोक पाडतात. तडा पुढे पळू नये म्हणून. मग तड्याच्या दोन्ही कडा घासून खोबण करतात, अख्खा तुकडा भट्टीवर तापवतात आणि निकेलच्या रॉडने इंचभर सांधून थांबतात. लहान हातोडीने टकटक करत त्या इंचातला ताण काढतात. मग पुढचा इंच. काम झाले, की तुकडा राखेच्या ढिगात पुरून ठेवायचा. गाडीवाला घाई करत असतो, कारण उभ्या गाडीचे पोट भरत नाही. मिस्त्री त्याला म्हणतात, ‘बिडाला घाई चालत न्हाई पावणं. रातभर राखंत निजू द्या त्याला.’ दुसऱ्या दिवशी सरळ पट्टी लावून तोंड पाहायचे, वाकले असेल तर मशीनवर फेस मारून घ्यायचा, नवे पॅकिंग घालायचे. तडा फ्लँजमधूनच गेला असेल, तर मात्र हेच मिस्त्री हात लावत नाहीत. नवा आणा म्हणतात. मला वाटते, उत्तम कारागिराची हीच खूण. कुठले काम नाकारायचे, हे त्याला कळते.

यानंतर येतो रंग. विक्रीला काढलेल्या जुन्या ट्रकचा सायलेन्सर चांदीसारखा चमकताना दिसला, तर सावध व्हावे. तो साधा सिल्व्हर रंग असतो, आठवड्यात पापुद्रे धरतो. उष्णतेला टिकणारा ॲल्युमिनियम रंग वेगळा. त्यात सिलिकोनचे राळ असते. पहिल्या तापण्यात त्यातला सेंद्रिय भाग जळून जातो आणि सिलिका व ॲल्युमिनियमचा थर मागे उरतो. म्हणजे हा रंग वाळत नाही, भाजला जातो. त्यासाठी खालचा गंज पार नितळ निघाला पाहिजे. वाळूचा मारा केला तर उत्तम, नाहीतर तारेचा ब्रश आणि मनगट. तेलाचा बोटभर डागही चालत नाही. थर पातळ द्यायचे, आणि इंजिन आधी नुसते चालू ठेवून, मग रिकामी गाडी फिरवून, हळूहळू तापवत न्यायचे. पहिला अर्धा तास धूर आणि घाण वास येतो. घाबरायचे कारण नाही. सिरॅमिकचा लेप याहून सरस, पण तो भट्टीत भाजून घ्यावा लागतो आणि तिसऱ्या मालकाच्या खिशात बसत नाही. अर्थात साध्या रंगाने गंज थांबतो, उष्णता थांबत नाही.

उष्णता थांबवण्यासाठी आली ती पांढरी दोरी.

तिची गरज खोटी नव्हती. पाइप केबिनच्या तळाखालून जातो, ड्रायव्हरचे पाय भाजतात. शेजारून डिझेलची नळी आणि वायरी गेलेल्या. कारखान्याच्या अड्ड्यावर सगळीकडे उसाचे वाळके पाचट. त्याचा एक झुबका तापल्या पाइपवर अडकला, तर आग लागायला वेळ लागत नाही. म्हणून पाइपला दोरी गुंडाळायची, वर तार आवळायची. स्वस्त, मऊ, न जळणारी. गॅरेजात ती खुंटीवर वेटोळे करून टांगलेली असे. तिचे नाव अस्बेस्टॉस.

नवी दोरी गुंडाळताना फारसे काही दिसत नाही. खरा प्रसंग येतो तो जुनी काढताना. चार-पाच वर्षे तापून ती भुसभुशीत झालेली असते. गॅरेजातला सर्वांत लहान पोरगा गाडीखाली सरकतो, स्क्रूड्रायव्हरने तार उचकटतो आणि हातोडीने ठोकून दोरीचा भुगा पाडतो. तो भुगा त्याच्या तोंडावर, केसांत, पापण्यांवर. उरलेला कॉम्प्रेसरची हवा मारून उडवायचा. त्याच हवेने मग स्वतःचे कपडेही झटकायचे. मिस्त्रींनी स्वतः वयाच्या बाराव्या वर्षी हेच काम केले आहे.

त्या भुग्यात डोळ्यांना न दिसणारे तंतू असतात. फुप्फुसात गेलेले तंतू विरघळत नाहीत. फुप्फुस हळूहळू घट्ट होत जाते, दम लागतो. कुणाला फुप्फुसाचा कर्करोग होतो, कुणाला फुप्फुसाच्या आवरणाचा, ज्याला मेसोथेलिओमा म्हणतात. हे सारे वीस, तीस, चाळीस वर्षांनी उगवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अस्बेस्टॉसचा एकही प्रकार याला अपवाद नाही. ब्रिटनने त्यावर १९९९मध्ये बंदी घातली, युरोपीय संघाची बंदी २००५पासून आहे. अमेरिकेने पांढऱ्या अस्बेस्टॉसवरील बंदीचा नियम २०२४मध्ये केला. आपल्याकडे अजूनही त्याचे छताचे पत्रे तयार होतात आणि त्यासाठी खनिज परदेशातून येते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५च्या जानेवारीत या विषयावर एक महत्त्वाचा निकाल दिला होता. अस्बेस्टॉसशी संबंधित उद्योगांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद तो कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा त्याने काम सोडल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत ठेवली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. आयुष्यभर नोंदवह्यांत वावरलेल्या माझ्यासारख्याला या आदेशाचे मोल चटकन कळते. नोंद असेल तरच दावा उभा राहतो. पण नोंदवही कारखान्यात असते. गाडीखाली सरकलेल्या पोराचे नाव ना हजेरीपटावर, ना विम्याच्या कागदावर. त्या ट्रकचा चॅसिस नंबर, इंजिन नंबर, प्रत्येक हप्त्याची तारीख आमच्या शाखेत तीन ठिकाणी लिहिलेली असे. पोराला दम लागेल तेव्हा तो पन्नाशीत असेल, दुसऱ्याच गावात असेल, आणि डॉक्टर विचारील, विडी ओढता का?

काही वाचकांना वाटेल, हे ट्रकच मोडीत काढा म्हणजे प्रश्न मिटला. तसे धोरण २०२१मध्ये आलेच आहे. २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या अवजड वाहनांचे फिटनेस शुल्कही अनेक पटींनी वाढले. धुराचा विचार करता ते धोरण मला योग्य वाटते. पण मोडीत निघालेल्या ट्रकच्या पाइपवरची दोरी कुणीतरी, कुठेतरी, आणखी एकदा काढणारच आहे.

दरम्यान पर्याय आले आहेत. काचतंतूची पट्टी मिळते. ती खाजरी असली, तरी त्या जातीची नव्हे. सिरॅमिक तंतूही मिळतो. पण त्याच्या धुळीलाही कर्करोगकारक असण्याची शंका चिकटलेली आहे, तेव्हा तोंडाला मास्क हवाच. पंचाईत अशी, की दुकानात सगळ्याच पांढऱ्या आणि सगळ्यांना एकच नाव. ‘अस्बेस्टॉस द्या’ म्हटले तर हाती काय पडेल, ते दुकानदारालाही सांगता येईल असे नाही. शिवाय काहीही घट्ट गुंडाळले, तरी आत ओल धरते, पाइप कुजतो. आणि बिडाच्या मॅनिफोल्डवर गुंडाळले, तर तो जास्तच तापून लवकर फुटतो.

मिस्त्रींनी दोरी सोडून दिली, त्याला आता बारा-तेरा वर्षे झाली. त्यांच्या धाकट्या भावाच्या छातीचा फोटो काढला, त्यानंतर. हल्ली ते तेलाच्या बॅरलचा पत्रा कापून पाइपभोवती कवच करतात आणि मध्ये बोटभर पोकळी सोडतात. पोकळीतली हवा बरेचसे काम करते. गाड्या बनवणाऱ्या कंपन्याही असेच पत्र्याचे कवच लावतात. खर्च दोरीपेक्षा थोडा जास्त, आणि कापायला-वाकवायला अर्धा दिवस जातो. गाडीवाला कुरकुरतो, ‘दोरी मारा की, पटकन हुतंय.’ मिस्त्री ऐकत नाहीत.

जुनी दोरी लावलेली गाडी मात्र आजही येते. तेव्हा ते पोराला बाजूला करतात, नाकातोंडाला मास्क बांधून स्वतः खाली सरकतात, आधी दोरीवर पाणी मारून ती चिंब भिजवतात, मग काढतात. हवा मारायची नाही, असा दम भरलेला असतो. ओला लगदा प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, एकीत दुसरी अशी, बांधून ठेवतात. गॅरेजच्या मागे अशा पाच पिशव्या पडून आहेत. कचऱ्याच्या गाडीत टाकल्या, तर पुढे कुणाचे तरी पोर त्या उघडेल, म्हणून टाकत नाहीत. मागच्या भेटीत त्यांनी मला विचारले, ‘साहेब, तुमचा कागदपत्रांचा अभ्यास. हे न्यायचं कुठं, ते कुठल्या आफिसात विचारायचं?’ मी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नावे एक अर्ज लिहून दिला आहे. पोच मिळाली आहे, उत्तर यायचे आहे.