हरकत कुठल्या ओळीवर?

मागील लेखांकात जीपीएल परवान्याची मूळ अट आपण पाहिली : सॉफ्टवेअर वापरा, बदला, वाटा, मात्र वाटताना सोर्स कोड द्या आणि जे हक्क तुम्हाला मिळाले तेच पुढच्यालाही द्या. या परवान्याची पहिली आवृत्ती १९८९ची आणि दुसरी १९९१ची. दोन्ही रिचर्ड स्टॉलमन यांनी मोजक्या जाणकारांच्या सल्ल्याने सिद्ध केल्या. तिसऱ्या आवृत्तीची वेळ आली तेव्हा हा मार्ग बंद झाला होता. लिनक्स कर्नल, बड्या कंपन्या, विद्यापीठे आणि जगभरचे असंख्य प्रोग्रॅमर या मजकुरावर विसंबून होते, आणि त्यातला एखादा शब्द हलला तरी कुणाचा ना कुणाचा धंदा किंवा हक्क हलणार होता. इतक्या लोकांचे म्हणणे ऐकायचे कसे, हा प्रश्न मला परवान्यातल्या कायद्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. परवान्यावरची चर्चा नुसत्या मतांवर सोडली की माणसे एकमेकांची मते खोडत बसतात; तीच चर्चा मसुद्यातल्या ओळीला बांधली, आणि निर्णय घेणाऱ्याने आपली कारणे लेखी दिली, तर मसुदा सुधारतो. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीची हकिगत याचा मला माहीत असलेला सर्वांत भक्कम पुरावा आहे.

१६ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने पहिला मसुदा जाहीर केला. कायद्याची बाजू एबेन मोग्लेन आणि त्यांचे सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर सांभाळत होते. सूचना घेण्यासाठी ‘स्टेट’ नावाची प्रणाली मुद्दाम लिहून घेतली होती. तिथे संपूर्ण मसुदा समोर दिसे. वाचकाने आधी आपल्याला खटकणारे शब्द निवडायचे आणि मग त्या शब्दांवरच हरकत नोंदवायची. ज्या शब्दांवर जास्त हरकती, त्यांच्यामागचा रंग तेवढा गडद होत जाई, त्यामुळे वादाची ठिकाणे कोणती हे पान उघडताच कळे. तीच हरकत दुसऱ्या कुणी आधीच घेतलेली दिसली, तर नव्याने लिहिण्याऐवजी तिला दुजोरा देता येई. आपल्याकडे शहराच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा अमुक सर्व्हे नंबर, अमुक आरक्षण असे नेमके बोट ठेवणाऱ्या अर्जावर सुनावणीत काही बोलता येते, ‘आराखडा अन्यायकारक आहे’ एवढ्यावर नाही; तत्त्व तेच. पहिल्या मसुद्यावर ९६२ हरकती आल्या, अखेरपर्यंत एकूण २,६३६. जोडीला प्रकल्प, कंपन्या, वकील, प्रोग्रॅमर अशांना घेऊन चार समित्या नेमल्या होत्या. त्या हरकती चाळून त्यांतले प्रश्न वेगळे काढत. परिषदा पोर्तु आलेग्री, बार्सिलोना, टोकियो अशा फिरल्या. ऑगस्ट २००६मधली आपल्या बंगळूरला झाली. आणि नव्या मसुद्यासोबत, काय बदलले व का बदलले, हे सांगणारे टिपण निघे. माझ्या मते साऱ्या व्यवस्थेचा कणा हे टिपण होते. रंगांची सोय त्याच्या तुलनेत दुय्यम.

याचा परिणाम एका कलमात जवळून पाहता येतो. टिव्हो नावाचे टीव्ही कार्यक्रम रेकॉर्ड करणारे यंत्र लिनक्सवर चाले. कंपनी कर्नलचा सोर्स कोड नियमाप्रमाणे देत असे, पण ग्राहकाने तो बदलून यंत्रात घातला तर यंत्र डिजिटल स्वाक्षरी तपासून तो चालवायला नकार देई. म्हणजे बदलण्याचा हक्क कागदावर शाबूत आणि हातातल्या वस्तूत शून्य. बूटलोडर कुलूपबंद असलेला अँड्रॉइड फोन ज्यांच्या खिशात आहे, त्यांना हा प्रश्न परका वाटू नये. पहिल्या मसुद्याने यावर सरसकट बंधन घातले. हरकती अशा आल्या की, सगळ्याच यंत्रांना एका दावणीला का बांधता? मार्च २००७च्या तिसऱ्या मसुद्यात हे बंधन घरगुती व वैयक्तिक वापराच्या वस्तूंपुरते आले. ज्या यंत्रातले सॉफ्टवेअर खुद्द उत्पादकालाही नंतर बदलता येत नाही, ते वगळले गेले. मूळ हेतू टिकला, पण त्याला कडा आली. ‘कुलूपबंद यंत्रे चांगली की वाईट’ अशा वादातून इतकी नेमकी व्याख्या निघाली असती, असे मला वाटत नाही.

सर्वांत जोरकस आक्षेप असा की, हे सारे ऐकल्यासारखे करणे होते, कारण शेवटचा शब्द फाउंडेशनचाच. सप्टेंबर २००६मध्ये कर्नलच्या दहा प्रमुख प्रोग्रॅमरांनी निवेदन काढून तिसरी आवृत्तीच धोक्याची ठरवली. कर्नलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचे म्हणणे तर मुळावरच होते : कोड परत मिळाला की व्यवहार पुरा झाला, यंत्र कसे बनवायचे ते बनवणाऱ्याने ठरवावे. तिसऱ्या मसुद्यानंतर त्यांचा सूर मवाळ झाला, पण कर्नल दुसऱ्या आवृत्तीवरच राहिले. आक्षेपातले तथ्य मान्य केले पाहिजे. हे मतदान नव्हते, आणि परवान्याचा उद्देशच ज्याला मान्य नाही त्याच्यासाठी ओळीवर बोट ठेवण्याची सोय तोकडी पडते. पण अंतिम अधिकार कुणाचा हे पहिल्या दिवसापासून उघड होते, आणि अधिकार एकाकडे असूनही मजकूर खरोखर हलला. अपाचे परवान्याची दुसरी आवृत्ती जीपीएलशी जुळत नव्हती. ती ३१ मे २००७च्या शेवटच्या मसुद्यात जुळवून घेतली. सॉफ्टवेअर न वाटता केवळ नेटवर्कवरून सेवा देणाऱ्यांना सोर्स कोड देण्याची सक्ती करावी का, हा प्रश्न मुख्य परवान्यातून काढून एजीपीएल या वेगळ्या परवान्याकडे सोपवला. नुसता देखावा असता तर या तडजोडींची गरज पडली नसती.

दुसरा आक्षेप मला अधिक विचार करायला लावतो. ओळीओळीवर हरकती घेतल्या की, कलमे एकमेकांवर कशी परिणाम करतात ते निसटते; मसुद्यात जे नाहीच, त्यावर तर बोट ठेवताच येत नाही. नोव्हेंबर २००६मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि नोवेल यांच्यात पेटंटबाबत करार झाला. त्यात नोवेलच्या ग्राहकांना अभय होते, तोच कोड दुसरीकडून घेणाऱ्यांना नव्हते. ही पळवाट हरकतींच्या रंगांत दिसली नव्हती. ती बुजवायला तिसरा मसुदा लांबला आणि नवा मजकूर आला. आजही अकराव्या कलमात २८ मार्च २००७ ही तारीख वाचायला मिळते : त्याआधी झालेले असे करार वगळले आहेत. एका विशिष्ट वादाची तारीख कायमच्या परवान्यात राहणे देखणे नाही, पण वाद कुठे झाला ते ती लपवत नाही. म्हणूनच ओळीवरच्या हरकतींच्या जोडीला संपूर्ण मसुदा एकत्र वाचणाऱ्या समित्या लागतात. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

अंतिम परवाना २९ जून २००७ रोजी आला. दीड वर्ष खर्चून जगातला सर्वांत मोठा मुक्त प्रकल्प बाहेरच राहिला, मग मिळवले काय, असे विचारणारे आजही भेटतात. त्यांनी आठवे कलम पाहावे. दुसऱ्या आवृत्तीत अट मोडली की परवाना आपोआप रद्द; चूक सुधारली तरी तो परत कसा मिळणार, याची वाट दाखवलेली नव्हती. नव्या कलमाने ती दाखवली : उल्लंघन थांबवल्यावर ६० दिवसांत कॉपीराइटधारकाने नोटीस दिली नाही तर हक्क कायमचे परत, पहिलीच नोटीस असेल आणि ३० दिवसांत दुरुस्ती केली, तरीही परत. ऑक्टोबर २०१७मध्ये कर्नलच्या प्रोग्रॅमरांनी अंमलबजावणीविषयी निवेदन काढले आणि दुसऱ्या आवृत्तीवरच्या आपल्या कोडसाठी तिसऱ्या आवृत्तीतली हीच मुदत स्वीकारली. ते जाहीर करणाऱ्यांत ग्रेग क्रोह-हार्टमन होते. २००६च्या विरोधी निवेदनावरही त्यांची सही आहे. पुढच्याच महिन्यात रेड हॅट, आयबीएम, गूगल आणि फेसबुक यांनी तीच भाषा उचलली. परवाना नाकारलेल्यांनीही त्यातले एक कलम जसेच्या तसे घेतले, कारण ते स्वतंत्रपणे तपासता येईल इतके नेमके घडवलेले होते.