येळ्ळूर : फलकामागचे शिवार

बेळगावला लागून असलेल्या येळ्ळूरचे नाव जुलै २०१४ मध्ये महाराष्ट्रभर पोचले. 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक न्यायालयाच्या आदेशावरून प्रशासनाने काढला, गावकऱ्यांनी पुन्हा उभारला आणि पोलिसांनी लाठीमार केला. गाव तेव्हापासून त्या फलकापुरतेच ओळखले जाते, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतात.

गैरसमज : हा नुसता भाषेच्या अस्मितेचा हट्ट आहे.

वस्तुस्थिती : १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले आणि कारभाराची भाषा बदलली. आज जमिनीचा उतारा कन्नडमध्ये निघतो. स्वतःच्या शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला की वाटणी, पीककर्ज, भूसंपादनाची नोटीस, सगळेच परस्वाधीन होते.

गैरसमज : शेतीचा प्रश्न वेगळा, शहराचा वेगळा.

वस्तुस्थिती : येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूर हा काळ्या मातीचा पट्टा सुवासिक बासमतीसाठी नावाजलेला. भात निघाले की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा येतो. बासमतीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते उत्तरेतल्या ठरावीक प्रदेशाला. त्यामुळे इथल्या तांदळाला त्याचा आधार नाही, तो गिऱ्हाइकाच्या ओळखीवर खपतो. त्यात शहराचे सांडपाणी आणि पावसाचे पाणी वाहून नेणारा बळ्ळारी नाला गाळाने भरला की पावसाळ्यात पाणी शिवारात पसरते आणि लावणी केलेले भात कुजते. शहराच्या वाहतुकीसाठी आखलेला हलगा-मच्छे बायपासही याच सुपीक जमिनीतून जातो. शेतकरी त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले, न्यायालयातही गेले. जमीन गेलेल्या घरातल्या पोराला शहरात नोकरी शोधावी लागते, आणि तिथे पुन्हा भाषा आडवी येते.

गैरसमज : पालकांचे मराठीवरचे प्रेम आटले, म्हणून मराठी शाळांची पटसंख्या घटते.

वस्तुस्थिती : हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. पालक नोकरीकडे पाहून माध्यम निवडतात. घटनेचे कलम ३५०अ मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगते. पण माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा, सरकारला ते लादता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये कर्नाटकच्याच प्रकरणात ठरवले. इंग्रजीच्या ओढीपुढे कन्नड शाळांनाही पटसंख्येची हीच चिंता आहे.

गैरसमज : सीमावादाचा निकाल लागेपर्यंत काहीच होणार नाही.

वस्तुस्थिती : महाराष्ट्राने ८६५ गावांवर हक्क सांगितला आहे, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पण तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के असले तरी महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेतच मान्य झालेले धोरण आहे. उताऱ्याची मराठी प्रत देण्यासाठी सीमा हलवावी लागत नाही. पावसाळ्याआधी नाल्यातला गाळ काढण्यासाठीही नाही.