चालू मशीन कायले उघडतं?

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. वसुबारस तीन दिवसांवर होती, अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वेच्या बाजार समितीत सोयाबीनच्या गाड्या लागत होत्या आणि त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला. २९ जुलै २०१५ ला आलेली ही प्रणाली दहा वर्षं इथल्या अडतीच्या दुकानांत, सेतू केंद्रांत, शाळांच्या कार्यालयांत आणि लग्नपत्रिका करणाऱ्यांच्या टेबलांवर चालत होती. बुधवारी सकाळी ही सगळी मशीनं रोजच्यासारखीच सुरू झाली. पडद्यावर काहीच बिघडलेलं दिसलं नाही, आणि पुढचं काम अवघड झालं ते त्यामुळेच.

त्या दिवसांत मी स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसत असे. दुकान चालवणाऱ्या तरुणाला सगळे भाऊ म्हणतात. कोणतंही मशीन आलं की तो आधी झाकण उघडून ब्लोअर मारतो. कापसाचा मुलूख, जिनिंगच्या दिवसांत हवेत उडणारे तंतू पंख्यात आणि हीटसिंकच्या फटींत बसतात, त्यावर धूळ चढते आणि प्रोसेसर तापून संथ होतो. मग तो मदरबोर्डवरचा गोल सेल तपासतो. हा सेल संपला की मशीनची तारीख मागे जाते. संकेतस्थळांच्या सुरक्षा-प्रमाणपत्रांची मुदत मशीन आपल्याच घड्याळावरून पाहतं, त्यामुळे तारीख चुकली की बँकेचं पान उघडत नाही. ‘विंडोज खराब झालं’ म्हणून आलेली काही मशीनं एवढ्यावरच दुरुस्त होऊन परत जातात.

एका अडतीच्या दुकानातलं मशीन मात्र एवढ्यावर भागणारं नव्हतं. मालक स्वतः ते घेऊन आले होते, पण मनातून नाखूश.

“चालू मशीन कायले उघडतं रे भाऊ? दिवाळी तं होऊ दे.”

“मशीन चालूच राहीन शेटजी. पन आता त्याले वरून काही येनार नाही.”

वरून येत होते ते दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारचे सुरक्षेचे दुरुस्ती-तुकडे. विंडोज १० आणि ११ यांचा बराचसा गाभा एकच आहे. ११ मधलं एखादं भोक बुजवलं की तो तुकडा उलगडून भोक कुठे होतं हे हल्लेखोरांना शोधता येतं, आणि १० मध्ये ते उघडंच राहिलेलं असतं. यात कल्पनेचा भाग नाही. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एका त्रुटीचा उपाय दिला होता. ज्यांनी तो बसवला नव्हता त्यांच्यावर १२ मे २०१७ पासून वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर चालून आलं आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. त्याच वर्षी २७ जूनला, तीच त्रुटी वापरणाऱ्या नॉटपेट्याने मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा पाडली, आणि आपल्या न्हावा-शेव्याच्या बंदरातलं त्या कंपनीचं टर्मिनल ठप्प झालं. असं असूनही माणूस चालू मशीन सोडत नाही. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला होता, तरी एटीएम यंत्रांवरून एक्सपी हटवण्यासाठी रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून बँकांना वर्षभराचं वेळापत्रक आखून द्यावं लागलं.

शेटजींची नाखुशी तरीही पोकळ नव्हती. त्यांचा हिशेब फॉक्सप्रोमध्ये केलेल्या, डॉसच्या काळातल्या प्रोग्रामवर चालतो. शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, भाव, हमाली, तोलाई एवढं भरलं की हिशोबपट्टी तयार, आणि बाजूचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कर्रकर्र करत ती छापून देतो. माऊसला हात लावायची गरज नाही. दिवाणजींची बोटं आकड्यांच्या कळांवर न बघता फिरतात. विंडोज १० च्या ३२ बिटी आवृत्तीत असे जुने १६ बिटी प्रोग्राम चालवायची सोय होती. विंडोज ११ ची ३२ बिटी आवृत्तीच नाही, त्यामुळे हा प्रोग्राम तिथे सरळ उघडणार नाही.

भाऊने प्रोग्रामचा फोल्डर आधी पेनड्राइव्हवर घेतला आणि त्यातल्या डीबीएफ फायली लिबरऑफिसमध्ये उघडून शेटजींना दाखवल्या. नावं, आकडे, तारखा सगळं जागेवर होतं. प्रोग्राम उद्या बंद पडला तरी हिशेब बुडत नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावर शेटजी खुर्चीत टेकले. नंतर नव्या मशीनवर त्याने डॉसचं सोंग घेणारा एक छोटा प्रोग्राम बसवून त्यात फॉक्सप्रो चालवलं. छपाईचा घोळ निराळा होता. हा प्रोग्राम जुन्या एलपीटी पोर्टशिवाय दुसरं काही ओळखत नाही आणि नव्या मशीनला तो पोर्टच नव्हता. प्रिंटर यूएसबीवर जोडून, शेअर करून, ‘नेट यूज’ या आज्ञेने तोच एलपीटी वन आहे असं मशीनला सांगावं लागलं. पहिली पट्टी छापून आली तेव्हा दिवाणजींनी ती जुन्या पट्टीवर ठेवून, उजेडासमोर धरून रकाने जुळतात का ते पाहिलं.

विंडोज बसवायला अर्धा-पाऊण तास लागतो. बाकीचा सगळा वेळ जातो तो जुन्या प्रणालीच्या आधाराने वर्षानुवर्षं काय काय साचलं आहे ते शोधण्यात. भाऊ त्यासाठी वही ठेवतो. मशीन पुसण्याआधी प्रत्येक प्रोग्राम उघडायचा, प्रिंटर कोणता आणि कुठे जोडलाय ते लिहायचं, अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, टॅलीचा डेटा कोणत्या फोल्डरात आहे, हे सगळं मालकासमोर नोंदवायचं. जुनी हार्ड डिस्क तो पुसत नाही. नवी एसएसडी लावतो आणि जुनी डिस्क कागदात गुंडाळून, वर तारीख टाकून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. या दोन सवयींना मी त्याच्या बाकीच्या साऱ्या कौशल्यापेक्षा जास्त मानतो.

मशीन ११ साठी योग्य आहे का, हे ठरवणं त्या मानाने सोपं. टीपीएम २.० ही किल्ल्या सांभाळणारी सोय हवी, सिक्युअर बूट हवं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. कंपन्यांनी वापरून काढलेली जी मशीनं अशा गावांतून स्वस्तात मिळतात, ती बहुतेक तिसऱ्या-चौथ्या पिढीची असतात. त्यांच्यात रॅम टाका, एसएसडी लावा, ती छान पळतात. पण नियमात बसत नाहीत. तपासणी चुकवून ११ बसवायच्या युक्त्या आहेत. मात्र अशा मशीनला पुढची अपडेट्स मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि ज्यासाठी खटाटोप केला तेच हातातून जातं. दुसरी गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. विनापरवाना विंडोज चालू करून देणारे ‘ॲक्टिव्हेटर’ बसवताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. दार उघडून घ्यायची ही पद्धत इतकी रुळली आहे की ‘विंडोज मारून दे’ म्हणणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

आता गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक; हातात कापडी पिशवी, पिशवीत लॅपटॉप. भाचीने घरीच त्यांना नवं विंडोज टाकून दिलं होतं, कागदपत्रं जपून आणली होती, काम नीट केलं होतं. पण फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा.

“हे काय झालं बाबू? माह्या अक्षराचं तं पार इंग्रजी झालं.”

“अक्षरं कुठी गेले नाही गुरुजी. या मशीनमंदी तो फाँट नाही.”

त्या फायलींत आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, तळेगाव दशासरच्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, आठवणी होत्या. सांगणाऱ्यांपैकी बहुतेक आता हयात नाहीत. मजकूर कृतीदेवमध्ये टाइप केलेला. भाऊने जुन्या डिस्कमधून फाँटची फाइल काढून बसवली आणि क्षणात ओव्या पडद्यावर आल्या. गुरुजींचा चेहरा उजळला. भाऊ मात्र म्हणाला, “हे उधारीचं आहे गुरुजी. फाँट गेला की पुन्हा तेच.”

तो बरोबर बोलत होता. कृतीदेव, श्रीलिपीचे जुने फाँट, सुरेख, शिवाजी या पिढीच्या फाँटांत मराठी अक्षर मशीनला मराठी म्हणून माहीतच नसतं. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीची चित्रं बसवलेली असतात. कृतीदेवमध्ये ‘राम’ लिहायचं तर जे, के आणि ई या कळा दाबायच्या. साठवलीही तीच तीन इंग्रजी अक्षरं जातात. ‘ध’ साठी आधी अर्धा ध आणि मग काना, कारण हा साचा टाइपरायटरवरून आलेला आहे. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो: वेलांटी व्यंजनानंतर, रफाराचा र आधी. शिवाय प्रत्येक कंपनीने चित्रं आपल्या मर्जीने मांडली, त्यामुळे एका फाँटची किल्ली दुसऱ्याला लागत नाही.

म्हणून रूपांतर करताना नुसती अक्षरं बदलून भागत नाही, त्यांचा क्रमही उलटावा लागतो. भाऊने पूर्ण फाइल रूपांतरकात टाकली नाही. मजकुरात मधूनमधून इंग्रजी नावं आणि आकडे होते. सगळंच एकदम ढकललं असतं तर त्यांचं मराठीत काहीतरी भलतंच झालं असतं. ज्या तुकड्यांचा फाँट कृतीदेव, तेवढेच त्याने वेगळे काढले. तरीही खाच निघालीच. हिंदीसाठी घडवलेल्या बऱ्याच रूपांतरकांना मराठीतला ‘ऱ्य’ कळत नाही. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द ‘शेतकर्यांना’ होऊन येतो. वऱ्हाडातल्या मजकुरात हा शब्द किती वेळा येत असेल! ‘वऱ्हाड’ हा शब्दच या चुकीच्या तावडीत सापडतो. शोधा-बदला करून एका झटक्यात हे सुधारता येत नाही, कारण ‘कार्याला’ आणि ‘सूर्याला’ यांतला रफार तसाच राहायला हवा. ते डोळ्यांनीच वाचावं लागतं. गुरुजी रोज दुपारी येऊन शेजारच्या खुर्चीत बसत, एकेक ओवी मोठ्याने वाचत आणि अडलं की बोट ठेवत. वाचताना मध्येच थांबून ही ओवी कोणत्या माउलीने सांगितली तेही सांगत. भाऊ ते नाव ओवीखाली टाइप करून टाकी. मूळ फायलीत ती नावं नव्हती.

पत्रिका करणाऱ्या ताईंनी मात्र मशीनला हात लावू दिला नाही. तुळशीचं लग्न जवळ आलेलं, त्यामागून लग्नाचा हंगाम, आणि त्यांचा सगळा नमुन्यांचा साठा जुन्या कोरलड्रॉ आणि पेजमेकरमध्ये. फाँट डोंगल लावल्याशिवाय चालत नाही आणि त्या जुन्या डोंगलचा ड्रायव्हर ३२ बिटीच. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्या फायली उघडणारं इनडिझाइनही सीएस ६ नंतर थांबलं. त्यांचं म्हणणं मला पटलं. भाऊने त्या मशीनची इंटरनेटची तार काढली, ते फक्त पत्रिकांपुरतं ठेवलं आणि फायली ने-आण करायला एकच पेनड्राइव्ह नेमून दिला, जो नव्या मशीनवर तपासल्याशिवाय जुन्याला लागणार नाही. जुनं मशीन ठेवायचंच असेल तर ते असं ठेवावं.

मधला एक मार्गही आहे. घरगुती वापराच्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची वाढीव अपडेट्स देऊ केली आहेत. अपडेटच्या पानावरून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नोंदणी करायची; सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसेही लागत नाहीत. भाऊने कित्येकांना हेच करून दिलं. नुसत्या टायपिंगला आणि इंटरनेटला लागणाऱ्या मशीनांवर त्याने लिनक्स मिंट २२ टाकलं, ज्याला २०२९ पर्यंत आधार आहे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकवतात. आपल्याकडे मात्र ‘याच्यात ते अंगठ्याचं यंत्र चालते का?’ या प्रश्नावर गाडी अडते, आणि ती अडचण खरी आहे.

मशीन जुनं झालं तर दुसरं मिळेल, विंडोजही मिळेल. ज्यांच्या घरी, संस्थेत, वाचनालयात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टाइप केलेलं मराठी पडून आहे, स्मरणिका, इतिवृत्तं, आईच्या ओव्या, वडिलांची पत्रं, त्यांनी ते जुनं मशीन चालू आहे तोवरच उघडावं. फाँटचं नाव कागदावर लिहून ठेवावं, फाँटची फाइल सोबत जपावी, आहे तशी एक पीडीएफ करून घ्यावी, आणि मग मजकूर युनिकोडमध्ये आणून कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावा. हे काम येत्या दिवाळीवर ढकलू नका.