शोभेचे मासे : टाकी किती मोठी, पाणी कसे?

थोड्या भांडवलात सुरू होणारा धंदा म्हणून आपले काही नौजवान शोभेच्या माशांच्या दुकानाकडे वळत आहेत. काचकाम, वेल्डिंग, सुतारकी करणाऱ्या कारागिरांनाही त्यात टाक्या आणि स्टँड बनविण्याचे काम मिळते. आमचा धंदा कापडाचा. पण रंगाईमुळे पाण्याचे बरेवाईट आम्हाला ओळखावे लागते, आणि माशांच्या धंद्यातले नफानुकसानही शेवटी पाण्यावरच येऊन ठरते, म्हणून हा विषय घेतला आहे.

गिऱ्हाइकाच्या तक्रारी दोनच असतात. एक, मासा आठ दिवसांत मेला. दुसरी, वर्ष झाले तरी वाढला नाही. दुसऱ्या तक्रारीला दुकानदाराचे ठरलेले उत्तर म्हणजे, ‘साहेब, मासा टाकीएवढाच वाढतो.’ हे अर्धेच खरे आहे. माशाला काचेचे माप कळत नाही. लहान टाकीत पाणी थोडे असते, ते लवकर घाण होते आणि मासा खुरटतो. गोल्डफिश हा मुळात कार्प जातीचा, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा भाऊबंद. पुरेशी जागा मिळाली तर तो वीतभर सहज होतो आणि दहा वर्षांहून जास्त जगतो. त्यालाच आपण पाच लिटरच्या गोल भांड्यात घालून विकतो.

गर्दीने मासा खुरटतो हे मत्स्यशेतीवाल्यांना चांगले ठाऊक आहे. आंध्र प्रदेशात रोहू-कटल्याचे बोटुकली पिल्लू मुद्दाम दाट गर्दीत, कमी खाद्यावर ठेवून खुरटवतात आणि पुढे मोठ्या तळ्यात सोडतात. जागा व खाद्य मिळताच ते झपाट्याने वाढते. मात्र तिथे पाण्यावर नजर असते. घरच्या भांड्यात घाण पाण्यात महिनोन्महिने राहिलेल्या माशाची पाठ एकदा वाकली की मोठ्या टाकीत टाकूनही ती सरळ होत नाही.

आता घाण म्हणजे काय, ते पाहू. मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. हे जहर आहे. वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने सौम्य. पण हे जिवाणू नव्या टाकीत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. सकाळी टाकी विकली आणि संध्याकाळी तीत दहा मासे सोडले, तर पहिली तक्रार आलीच म्हणून समजा.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. बोअरचे पाणी बहुधा जड असते. साबणाला फेस येत नाही, रंग कापडावर सारखा चढत नाही, हे रंगाईवाल्यांना सांगायला नको. अशा पाण्याचा सामूही सहसा सातच्या वर असतो. (माती तपासून घेणाऱ्या शेतकऱ्याला सामू माहीत असतो.) सामू आणि उष्णता जितकी जास्त, तितका अमोनिया अधिक विषारी. त्यातच ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात मासे जास्त मरतात आणि लोक म्हणतात, रोग आला.

नगर शहरात नळाला मुळा धरणाचे पाणी येते. त्यात क्लोरीन असते, ते कल्ले जाळते आणि ते कामाचे जिवाणूही मारते. बादलीत एक दिवस उघडे ठेवले तर बरेचसे क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर हायपोचा लहान खडा टाकावा. ब्लीच केलेल्या कापडातले क्लोरीन मारायला रंगाईत वापरतात, तोच हा हायपो. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण प्राणवायू कमी असतो; तेही दिवसभर हवा देऊन मगच वापरावे.

टाकीतले पाणी उडून कमी झाले की लोक वरून बोअरचे पाणी ओतून भर घालतात. हे बरोबर नाही. पाणी उडते, क्षार मागे राहतात, आणि काचेवर पांढरी रेघ उमटते. दर आठवड्याला पाव हिस्सा जुने पाणी काढून तेवढे नवे घालावे. सगळे पाणी एकदम बदलणे व स्पंज नळाखाली खळखळून धुणे, दोन्ही घातक.

मापाचे गणित सोपे आहे. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत ५६ लिटर मावतात. वाळू व वरची रिकामी जागा सोडता ४५ च्या आसपास. एवढ्यात गप्पी, मोली, प्लॅटी आनंदाने राहतात. त्यांना जड पाणीही मानवते. डासांसाठी विहिरींत सोडतात तोच हा गप्पी. गोल्डफिश मात्र इथे लहान असेपर्यंतच ठेवावा. निऑन टेट्रा व डिस्कस हे ॲमेझॉन खोऱ्यातल्या हलक्या पाण्याचे, बोअरवर ते विकणे म्हणजे गिऱ्हाईक गमावणे.

काचवाल्या कारागिरांनी लक्षात घ्यावे की प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून शिरतो, म्हणून उंच व अरुंद टाकीपेक्षा लांब-रुंद टाकी बरी. काचेवरचा दाब उंचीने वाढतो, लांबीने नाही. म्हणजे बुटक्या टाकीच्या काचेला तळाशी दाबही कमी. स्टँड करताना लिटरला एक किलो धरून शिवाय काच व वाळूचे वजन मिळवावे.

नवी टाकी विकताना दुकानातल्या जुन्या, निरोगी टाकीतली मूठभर ओली वाळू पिशवीत घालून द्यावी. तिच्यासोबत जिवाणू जातात आणि नवी टाकी लवकर तयार होते. पहिल्या दिवशी दोन-तीनच मासे द्यावेत, बाकीचे महिन्याभराने न्यायला सांगावे. त्या निमित्ताने गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येते.